कुटार कोणाचं?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नव्या पोरांना वाटायचं की सरांचं आडनाव कुटारे आहे. ते नव्हतं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण त्या पाटीसमोर पाण्याचा कूलर ठेवलेला. वाचायचं तर वाकावं लागायचं, आणि आमच्याकडे शिकायला आलेलं पोरगं सहसा वाकत नाही. एकदा तर सरकारी पत्रच आलं, 'प्रा. कुटारे यांस'. आम्हाला वाटलं आता सर भडकतील. सरांनी सही केली, पत्र घेतलं आणि शिपायाला म्हणाले, "हो, मीच तो."

कुटार म्हणजे काय ते वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते. तूर, हरभरा, सोयाबीन मळलं की दाणा बाजूला होतो आणि पाला, टरफलं, काड्यांचा चुरा खाली उरतो. ते कुटार. ढोरं खातात. वावर, म्हणजे शेत, दुसऱ्याला बटईनं कसायला दिलं तर दाणे अर्धे अर्धे, हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यावर कोणी भांडत नाही. भांडण होतं ते कुटारावर. कारण पेरणीच्या वेळी त्याचं कोणी बोलतच नाही. बोलणं हलकं वाटतं. सरांच्या वडिलांचं आणि त्यांच्या साडूचं असंच बिनसलं, इतकं की दोघं एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत, असं सर सांगायचे. दोघांनी एकमेकांच्या मयतीला जाणं तसंही शक्य नव्हतं, पण हा मुद्दा आम्ही कधी काढला नाही.

सर शिकवायचे यंत्रं, पण कॉलेजनं त्यांच्या गळ्यात एक कक्ष बांधला होता. उद्योग-विद्यापीठ सहकार्य कक्ष. सायकल स्टँडच्या मागची खोली. सरकारची योजना अशी की कॉलेजनं एकट्यानं अनुदान मागायचं नाही, कंपनीनंही एकटीनं मागायचं नाही. दोघांनी हात धरून यायचं, काहीतरी नवीन करून दाखवू म्हणायचं, मग सरकार पैसे देणार. कंपनीनं आपला वाटा रोखीत द्यावा, नाहीतर वस्तुरूपानं. हा 'वस्तुरूपानं' शब्द ज्यानं घातला तो अमरावतीच्या एमआयडीसीत कधी आलेला नसावा. एका कारखानदारानं आपला वाटा म्हणून जुना टेबलफॅन दाखवला. दुसऱ्यानं लिहिलं, 'मार्गदर्शन'. सरांनी त्याला समोर बसवून विचारलं की मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय. तो म्हणाला, मी मधूनमधून येऊन पाहीन आणि सांगेन. सर म्हणाले, "धुऱ्यावर उभं राहून 'वावर हिरवं दिसून राहिलं' म्हणाचं, हेच ना? लिहा. 'धुऱ्यावर उभं राहणे' असं लिहा." धुरा म्हणजे शेताचा बांध. आणि त्यांनी खरंच तसं लिहून घेतलं. तो अर्ज नामंजूर झाला. सर म्हणाले, समितीत एक तरी शेतकऱ्याचा पोरगा दिसते.

माझं या योजनेबद्दलचं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला शंका नको. माझी आई काडीपेटी घेते तेव्हाही कर भरते. त्या पैशातून कंपनीचं यंत्र बनवायचं, कॉलेजातल्या पोरांची बुद्धी फुकट वापरायची, आणि बनलेलं यंत्र कंपनीनं विकायचं. याला भागीदारी म्हणत असतील तर कोंबडी आणि सुरीचीही भागीदारीच आहे. हे मत तेव्हा होतं, आजही आहे. आमच्या विद्यार्थी संघटनेनं पत्रक काढलं. मथळा, 'सरकारी पैसा, शेठचा खिसा!' हिरव्या कागदावर, कारण झेरॉक्सवाल्याकडे तोच स्वस्तातला उरला होता. मी वलगावहून एसटीनं यायची, त्या दिवशी उभ्यानं आले, कारण माझ्या सीटवर पत्रकांचा गठ्ठा बसवला होता.

सरांनी कॉलेजच्या गेटवर पत्रक घेतलं, तिथंच उभं राहून पूर्ण वाचलं, मागची बाजूही पाहिली, आणि आणखी मागितली. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्याच कक्षाच्या दारावर लावलेलं होतं. मी जाब विचारायला गेले. जाब विचारायला जाणाऱ्याला बसायला खुर्ची देऊ नये एवढं साधं राजकारणही या माणसाला येत नव्हतं.

"चांगलं लिहिलं," ते म्हणाले. "निम्मे लोक दारातूनच वापस जाऊन राहिले. वाचूनबी जो आत येते, त्याच्याशी बोलाले मजा येते." मग पत्रक माझ्यापुढे ठेवलं. "पण बाई, याच्यात कुटाराचं काहीच नाही. पैशाचं लिहिलं, खिशाचं लिहिलं. मळणी झाल्यावर खाली जे पडते, ते कोन नेते?"

मी सांगितलं की आमचा सगळ्यालाच विरोध आहे, त्यामुळे कुटाराचा प्रश्न येत नाही.

"वावर पेरून झालं आहे पोरी. आता पेरणीले विरोध करून कोनतं पीक घेशीन?"

त्या महिन्यात त्यांनी मला कक्षात सहायक म्हणून घेतलं. योजनेत एका विद्यार्थी सहायकाची तरतूद होती. संघटनेतली पोरं म्हणाली, आता खिसा तुहा का? मी म्हणाले, आत काय शिजतं ते पाहायला आपलं कोणीतरी आत पाहिजे. हे कारण खरं होतं. चहा चांगला मिळायचा, हेही खरं होतं, पण ते कारण नव्हतं.

सर टाइप करत नसत. अर्ज मराठीत केला तरी चालेल, असं योजनेच्या नियमात लिहिलेलं होतं. सरकार जेव्हा 'चालेल' म्हणतं तेव्हा कोणी करू नये असा त्याचा अर्थ असतो, पण सरांनी तो शब्दशः घेतला. मोबाइल तोंडासमोर धरून, खोलीत येरझारा घालत, ते अर्ज बोलायचे आणि मोबाइल तो लिहायचा. मोबाइलला पुण्याची मराठी यायची. सरांना वऱ्हाडी. सर म्हणायचे, "मले असं यंत्र बनवाचं आहे," मोबाइल लिहायचा, 'मुले असे यंत्र बनवायचे आहे.' सर म्हणायचे, "पंखा धूळ ओढून राहिला," मोबाइल लिहायचा, 'पंखा धूळ ओढून राहुल.' मी दुरुस्त करायचे, पण एकदा मला वार्षिक परीक्षा होती आणि सरांनी अर्ज तसाच पाठवून दिला.

मग समितीची ऑनलाइन बैठक. पडद्यावर चार-पाच चौकोन, प्रत्येकात एक चष्मा. पहिला प्रश्न आला की या प्रकल्पात मुलांकडून काम करून घेतलं जाणार आहे का, कारण अर्जात जागोजागी मुले यंत्र बनवत आहेत. सरांनी सांगितलं, नाही. दुसरा प्रश्न आला की हे राहुल कोण, यांचं नाव सहभागी संशोधकांच्या यादीत दिसत नाही. मी डोळे मिटले.

"तो सोडून गेला," सर म्हणाले.

समितीनं खेद व्यक्त केला आणि पुढचा प्रश्न विचारला. तो होता तंत्रज्ञानाच्या तयारीचा. कल्पना कागदावरच असेल तर एक नंबर, बाजारात विकलं जात असेल तर नऊ, असं काहीतरी मोजमाप असतं. सरांना तो आकडा लिहायचा नव्हता. ते म्हणाले, "साहेब, फुलावर आहे." सर समजावून सांगू लागले की तूर पेरली जाते, उगवते, फुलावर येते, शेंग धरते, खळ्यात येते, तिची डाळ होते, शेवटी वरण होतं. "आमचं फुलावर आहे. आभाळ आलं तं गेलं. नाही आलं तं तुमी वरण खासान." एका चष्म्यानं विचारलं, म्हणजे चार लिहू का पाच? सर म्हणाले, "फूल पाहून ठरवा." अनुदान मंजूर झालं. कोणता आकडा लिहिला ते आम्हाला कधी कळलं नाही.

कंपन्यांशी करार करायचा दिवस म्हणजे सरांचा सणच. बुद्धीची मालकी कोणाची, यंत्राचं चित्र कोणाचं, पेटंट कोणाचं, पुढे त्यातून आणखी काही निघालं तर ते कोणाचं, असली पानंच्या पानं वकील वाचून दाखवायचे. सर ऐकून घ्यायचे. सगळं संपलं, पेन निघाले, की विचारायचे, "दाण्याचं समजलं. कुटार कोनाचं?" पुण्याहून आलेल्या एका वकीलबाईंनी हे ऐकून परत अनुक्रमणिका काढली आणि बोट फिरवत 'कु' शोधला. सरांनी त्यांना सावकाश शोधू दिलं.

आता खरी गोष्ट.

माझी मावशी बार्शीटाकळीहून रोज ऑटोनं अकोल्याला जायची, एका डाळमिलमध्ये निवडणीच्या कामाला. तूर भरडली जाते त्या मशीनींच्या शेजारचाच हॉल. तिथे बाया रांगेत बसून डाळ पाखडतात, खडा-टरफल वेचतात. हवेत तुरीची पिवळी भुकटी, इतकी की समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. मालकाला ती अडचण वाटत नव्हती. बाया नाकातोंडावर ओढण्या, पदर बांधून बसायच्या. मावशी आमच्याकडे राहायला आली की रात्रभर खोकायची आणि सकाळी म्हणायची, काही नाही, हवा बदलली. तिची हवा बारा महिने बदलत होती.

मी सरांना सांगितलं, लोकांचा पैसा उधळायचाच असेल तर तिथे उधळा. सर दुसऱ्याच दिवशी माझ्यासोबत अकोल्याला आले. हॉलमध्ये बायांच्या रांगेत जाऊन बसले आणि सुटी होईपर्यंत उठले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी रुमाल झटकला, तो पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. तो धुतला नाही असं त्यांच्या घरून कळलं.

मिलचे शेठ भागीदारीला तयार झाले. कारण साधं होतं. शेजारच्या मिलमालकाच्या केबिनमध्ये कॉलेजचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट लटकत होतं आणि यांच्याकडे नव्हतं. यंत्र असं ठरलं की हॉलच्या छताखाली मोठे पाइप जातील, पंखा भुकटी ओढून घेईल आणि बाहेरच्या पत्र्याच्या नरसाळ्यातून ती पोत्यात पडेल. यात नवीन काय, असं समितीनं त्या राहुलच्या बैठकीतच विचारलं होतं. सरांचं उत्तर होतं की मोठ्या मिलला परवडतं तेच छोट्या मिलच्या विजेवर चालवून दाखवणं, हे नवीन. मला आणखी एक उत्तर सुचलं होतं, की बायांच्या नाकाचा विचार करणं हेच नवीन. ते अर्जात गेलं नाही.

करार झाला. यंत्राचं नाव शेठचं, चित्र शेठचं, पुढे बनवून विकायचा हक्क शेठचा. मी दात ओठ खात बसले होते. सरांनी ठरल्याप्रमाणे विचारलं. शेठना कळेना.

"अहो, त्या पोत्यात जमा होईल ते. ते कोनाचं?"

"धूळ?" शेठ हसले. "सर, धूल का क्या करना है. घेऊन जा म्हणा ज्याले पाहिजे त्यानं."

सरांनी तिथंच शेवटच्या पानावर स्वतःच्या हातानं मराठीत ओळ लिहिली, की यंत्रात जमा होणारं कुटार निवडणी हॉलमधल्या बायांचं. शेठनी हसतच सही केली. परतताना सर एवढे खुशीत होते की बसमध्ये त्यांनी कंडक्टरलाही बटईचा हिशेब समजावून सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच कुटार ज्याचं त्याला मिळालं होतं, आणि तेही कोणी न भांडता.

यंत्र बसलं, चाललं. मी उद्घाटनाला गेले नाही, तत्त्वाचा प्रश्न होता. नंतर गेले. हॉलमध्ये घड्याळ दिसत होतं, आणि ते बंद पडलेलं होतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. बायांनी तोंडावरचे पदर सोडले होते. कांताबाई नावाची एक बाई मावशीच्या शेजारी वर्षानुवर्षं बसत होती. मावशी म्हणाली, "हिले समोरचा दात नाही, हे मले आता समजलं. इतके दिवस हे हासत होती का रडत होती, काही पत्ता नव्हता." कांताबाई म्हणाली, "तुह्याकडे पाहून काय करन माणूस, हासनच."

खोकला एकदम गेला नाही. पण कमी झाला. मावशी आमच्याकडे येऊन रात्रभर झोपली.

आणि मग पोती भरू लागली. तुरीची भुकटी म्हणजे ढोरांचं उत्तम खाद्य, चुनीत, म्हणजे डाळमिलच्या पशुखाद्यात, मिसळतात. बायांनी पहिलं पोतं गावातल्या दूधवाल्याला दिलं, दुसऱ्यासाठी तोच दारात येऊन उभा राहिला. महिन्याच्या शेवटी बाया आपसात वाटून घेऊ लागल्या. शेठनी गेटमधून जाणारी पोती एक दिवस पाहिली, दोन दिवस पाहिली. व्यापारी माणूस. त्यानं तोंडानं काही म्हटलं नाही, डोळ्यांनी तोललं.

प्रकल्पाची मुदत संपली तेव्हा ते बोलले. अनुदानातून घेतलेलं यंत्र नियमाप्रमाणे कॉलेजचं. मुदतीनंतर कंपनीनं सांभाळायचं कबूल केलं तर तिथं राहतं, नाहीतर कॉलेजच्या स्टोअरमध्ये परत जातं. आमच्या स्टोअरमध्ये गेलेली वस्तू बाहेर येताना कोणी पाहिलेली नाही. शेठ म्हणाले, लाइट बिल मी भरू, पंख्याला ग्रीस मी लावू, आणि माल बाया नेणार? भुकटी माझी असेल तर यंत्र ठेवतो. नसेल तर घेऊन जा तुमचं लोखंड.

मी म्हणाले, करार आहे, तुमची सही आहे, कोर्टात दिसाल. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळाही तयार झाला होता. सर मात्र करार काढून वाचत बसले. शेवटचं पान त्यांनी परत परत वाचलं. मग उठून हॉलमध्ये गेले आणि बायांना म्हणाले, काम थोडं थांबवा, बोलायचं आहे. शेठही मागे येऊन उभे राहिले.

"करारात मी लिहिलं," सर म्हणाले, "का जमा झालेलं कुटार तुमचं. बराबर लिहिलं. पण मशीन चालवलीच पाहिजे, हे लिहिलंच नाही. शेठनं बटन दाबलं नाही तं जमाच काही होत नाही. मग तुमचं काय? काहीच नाही, त्याच्यातलं अर्ध." त्यांनी कराराची घडी घातली. "जिंदगीभर कुटाराचं विचारत फिरलो, अन् पेरणीचं लिहाचं राहून गेलं."

 

मी परत म्हणाले, कोर्ट. सर म्हणाले, जाऊ. आपणच जिंकू. तवरक पंखा बंद राहीन. पुढे जे म्हणाले ते मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. भुकटी बायांची राहिली तर शेठ बिलाकडे पाहून पंखा बंद करणार. भुकटी शेठची झाली तर तो स्वतःच्या लोभानं पंखा चालवणार, कोणी सांगायची गरज नाही. "लोभासारखा वॉचमन नाही," ते म्हणाले. शेठ मागे उभे होते. त्यांना हे स्तुती वाटलं असावं, त्यांनी मान हलवली.

कांताबाई म्हणाली, अशी कशी देऊन टाकता, तिच्या पोरीच्या कॉलेजची फी त्यातून निघत होती. आणखी दोघी तिच्या बाजूनं बोलल्या. मी त्यांच्या बाजूनं बोलले. हक्क सोडायचा नसतो, एकदा सोडला की परत मिळत नाही, हे मी सांगितलं, आणि ते खरं आहे. मावशी सूप मांडीवर घेऊन बसली होती.

"नाकात जाऊन राहिलं होतं, तवा कोनाचं होतं ते?" ती म्हणाली. शेठकडे पाहत म्हणाली, पण आवाज चढवून नाही. "तवा कोनी नाही म्हटलं, बाई, माह्यं आहे, वापस दे." तिनं सूप खाली ठेवलं. "द्या त्याले. त्याचं पोट भरलं तं चालू ठेवीन."

"अन् नाही ठेवलं तं?" कांताबाई म्हणाली.

"मग पाहू. आज रातीले झोपू दे."

सरांनी शेठच्या टेबलावरची पट्टी मागवली. स्वतः लिहिलेली ओळ त्यांनी पट्टी लावून सरळ खोडली, खाली सही केली. मी साक्षीदार म्हणून सही केली नाही. ती जागा रिकामी आहे. कॉलेजात जाऊन कोणीही पाहावी.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीकडे होते. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा म्हणाले, "तू बरोबर होती."

"मग का दिली?"

"बरोबर असून खोकला थांबत नाही."

या भागीदारीची पुढे यशोगाथा झाली. सरकारी पुस्तिकेत दोन पानं आली, शेठचा फोटो, मागे पाइप. उद्योगाला वाया जाणाऱ्या मालातून उत्पन्न, महिलांचं आरोग्य सुधारलं, असं दोन्ही लिहिलेलं आहे, आणि खोटं एकही नाही. भुकटी विकली कशी ते आहे. कोणाच्या हातून गेली ते नाही. मी यावर पत्रक काढलं. यावेळी पांढऱ्या कागदावर. कांताबाईच्या पोरीनं ते अकोल्यात वाटलं. तिची फी कॉलेजनं माफ करावी यासाठी आम्ही धरण्याला बसलो, ती माफ झाली. पण ती माफी आहे. आधी जे होतं ते तिचं होतं.

सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात प्राचार्य म्हणाले की सरांनी उद्योग आणि शिक्षण यांच्यात पूल बांधला. सर उठून म्हणाले की पूल बांधला की नाही माहीत नाही, कूलर तेवढा दारापासून सरकवा. ते अमरावतीतच राहतात. पोरं त्यांना भेटायला जातात, सरकारची नवी योजना आली, कंपनी सापडली, करार कसा करू म्हणून विचारतात. सर सगळं सांगतात. ऐकलं आहे की आता ते पहिला प्रश्न वेगळा विचारतात. बटन कोणाच्या हातात?

मला ते रोज सकाळी फोन करतात. कशी आहेस नाही, नमस्कार नाही. अकोल्याच्या बाजारात चुनीचा काय भाव आहे तेवढं सांगतात आणि ठेवतात. दूधवाले, बाजारातले दलाल, कोणाकोणाला विचारून काढतात. भाव चढा असला की शेठचा पंखा दिवसभर चालतो, उतरला की बंद, हे आम्हा दोघांना माहीत आहे. मावशीला माहीत नाही. तिला वाटतं शेठ सुधारला.

मी महागाईच्या विरोधात मोर्चे काढले आहेत. पशुखाद्य परवडत नाही म्हणून दूधवाल्यांसोबत कलेक्टर कचेरीसमोर बसले आहे, घोषणा माझ्याच होत्या. आणि रोज सकाळी फोन वाजला की, चुनी महाग झालेली असू दे, असं मनात येतं. हे कोणत्या योजनेचं यश आहे, ते मला कोणीतरी समजावून सांगावं. लोकांच्या पैशानं बायांच्या श्वासाची सोय केली, आणि तो श्वास बाजारभावाला टांगून ठेवला. याला नावीन्य म्हणतात.

काल फोन आला. "उतरला," सर म्हणाले. "बराच उतरला."

मी फोन ठेवला जायची वाट पाहिली. त्यांनी ठेवला नाही.

मग त्यांनी विचारलं, अकोल्याले सकाळची पयली गाडी कोनती आहे.